ब्रायन ऑर्सर: स्वतःची दोन रौप्यं, शिष्यांची तीन सुवर्णं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ब्रायन ऑर्सर कोण?

कॅनडाचा फिगर स्केटर. १९८१ ते १९८८ अशी सलग आठ वर्षं तो राष्ट्रीय विजेता होता. १९८७ साली जगज्जेता झाला आणि १९८४ व १९८८ च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये त्याने रौप्यपदक जिंकलं. नव्या प्रेक्षकांना मात्र तो माहीत असतो तो कठड्याशी उभा राहणारा, टक्कल पडलेला, हसऱ्या चेहऱ्याचा प्रशिक्षक म्हणून. दक्षिण कोरियाची युना किम, जपानचा युझुरु हान्यू आणि स्पेनचा हाविएर फर्नांडेझ हे तिघं त्याच्याच हाताखाली जगज्जेते झाले. किमचं २०१० चं आणि हान्यूचं २०१४ व २०१८ चं ऑलिम्पिक सुवर्णही त्याच्याच शिकवणीतलं.

त्याची सुरुवात कुठे झाली?

जन्म १८ डिसेंबर १९६१, ओंटारिओ प्रांतातल्या बेलव्हिल गावी. पुढे ओरिलियाच्या मारिपोसा स्केटिंग स्कूलमध्ये डग ली यांच्याकडे तो घडला. नंतर कॅनडाच्याच एल्विस स्टॉयको या स्केटरलाही याच ली यांनी घडवलं. खेळाडू म्हणून ऑर्सर शेवटपर्यंत याच एका प्रशिक्षकाकडे राहिला. आज दोन-तीन वर्षांत प्रशिक्षक बदलणारे स्केटर पाहिले की ही गोष्ट मोठी वाटते.

त्याला ‘मिस्टर ट्रिपल ॲक्सल’ का म्हणतात?

त्यासाठी आधी ॲक्सल समजून घ्यायला हवी. नॉर्वेच्या ॲक्सल पॉलसनने १८८२ साली व्हिएन्नात ही उडी पहिल्यांदा मारली. फिगर स्केटिंगमधल्या बाकी सगळ्या उड्या पाठमोरं जाताना मारतात. ॲक्सल ही एकच उडी समोर तोंड करून घेतात, पण उतरायचं मात्र पाठमोरंच. त्यामुळे प्रत्येक ॲक्सलमध्ये अर्धा फेरा जास्तीचा असतो आणि ट्रिपल ॲक्सल म्हणजे साडेतीन फेरे होतात. तेही एका सेकंदाच्या आत, आणि उतरायचं एका पायावर, ब्लेडच्या बाहेरच्या कडेवर. समोर पाहत उडी घेताना आपण कुठे झेपावतोय ते डोळ्यांना दिसत असतं, आणि भीती वाटते ती त्यामुळेच.

स्पर्धेत ट्रिपल ॲक्सल पहिल्यांदा मारली व्हर्न टेलरने, १९७८ च्या ओटावामधल्या जागतिक स्पर्धेत. तोही कॅनडाचाच. ऑर्सरने ती १९७९ मध्ये कॅनडाच्या ज्युनियर राष्ट्रीय स्पर्धेत मारली. म्हणजे ती पहिल्यांदा मारण्याचा मान त्याचा नाही. पण टेलरसाठी जी एकदाच साधलेली कमाल होती, ती ऑर्सरने रोजच्या सरावातली गोष्ट करून टाकली. ऑलिम्पिकमध्ये ही उडी पहिल्यांदा साधली तीही त्यानेच, १९८४ साली सारायेव्होत.

सारायेव्होत शॉर्ट प्रोग्रॅम आणि फ्री स्केट दोन्ही जिंकूनही त्याला सुवर्ण का मिळालं नाही?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि त्याचं उत्तर निव्वळ आकडेमोडीत आहे. त्या काळी स्पर्धेचे तीन भाग असायचे. पहिला भाग सक्तीच्या आकृत्यांचा. ना संगीत, ना उड्या. कोऱ्या बर्फावर एका पायावर इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी वर्तुळं कोरायची आणि मग त्याच रेघेवरून पुन्हा पुन्हा जायचं. स्केटर बाजूला झाला की पंच बूट घालून बर्फावर उतरत आणि वाकून ती रेघ न्याहाळत. कडा कुठे बदलली, वर्तुळ कुठे चपटं झालं, दुसरी रेघ पहिलीवर बसली की नाही, सगळं बारकाईने पाहत. निकालात या भागाचं वजन ३० टक्के. उरलेले दोन भाग संगीतावरचे: ठरलेल्या उड्या-गिरक्यांचा छोटा शॉर्ट प्रोग्रॅम, वजन २० टक्के, आणि त्याहून लांब, जास्त मोकळीक असलेली फ्री स्केट, वजन ५० टक्के.

प्रत्येक भागातल्या क्रमांकाला ठरलेल्या अंकाने गुणायचं: आकृत्यांना ०.६, शॉर्टला ०.४, फ्रीला १. ज्याची बेरीज कमी तो जिंकला. अमेरिकेचा स्कॉट हॅमिल्टन आकृत्यांत पहिला आला, पुढच्या दोन्ही भागांत दुसरा. त्याची बेरीज ०.६ अधिक ०.८ अधिक २, म्हणजे ३.४. ऑर्सर आकृत्यांत सातवा होता, पुढे दोन्हींत पहिला. त्याची बेरीज ४.२ अधिक ०.४ अधिक १, म्हणजे ५.६. संगीत सुरू होण्याआधीच तो इतका मागे पडला होता.

हे अन्यायाचं होतं का? नियम सगळ्यांना एकच होते आणि हॅमिल्टनच्या रेघा खरोखरच उत्तम होत्या. पण टीव्हीवर उड्या आणि नृत्य पाहणाऱ्याला निकाल कळेनासा व्हायचा, हेही तितकंच खरं. १९९० च्या मोसमानंतर सक्तीच्या आकृत्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून काढून टाकल्या. ऑर्सर तोवर स्पर्धेतून बाहेर पडला होता.

तो जगज्जेता कधी झाला?

१९८७ साली, सिनसिनाटीत. त्याआधीची तीन वर्षं सलग रौप्यच वाट्याला आलं होतं. सिनसिनाटीत त्याने फ्री स्केटमध्ये दोन ट्रिपल ॲक्सल मारल्या. एका फ्री स्केटमध्ये दोन हे तोवर कुणालाच जमलं नव्हतं. मागे टाकलं ते ब्रायन बोइतानोला, आणि तेही बोइतानोच्याच देशात.

‘बॅटल ऑफ द ब्रायन्स’ म्हणजे काय?

१९८८ चं ऑलिम्पिक कॅनडात, कॅलगरीला होतं. १९८६ चा जगज्जेता बोइतानो आणि १९८७ चा जगज्जेता ऑर्सर, दोघांचंही नाव ब्रायन. वर्तमानपत्रांना आणखी काय हवं होतं? उद्घाटनाला कॅनडाचा झेंडा ऑर्सरच्या हाती होता. ऑलिम्पिक आपल्या देशात, झेंडा आपल्या हातात, आणि सुवर्णाची आशा जणू एकट्या आपल्यावरच. हे ओझं किती असेल याचा नुसता विचार करून पाहा.

आकृत्यांत सोव्हिएत संघाचा अलेक्झांडर फादेयेव पहिला, बोइतानो दुसरा आणि ऑर्सर तिसरा आला. शॉर्ट प्रोग्रॅम ऑर्सरने जिंकला, बोइतानो दुसरा. आता वरचंच गणित मांडा. फ्री स्केटआधी बोइतानोची बेरीज २.०, ऑर्सरची २.२. म्हणजे दोघांतला जो फ्री स्केट जिंकेल, सुवर्ण त्याचं.

बोइतानो आधी उतरला. नेपोलियनच्या काळातल्या सैनिकी गणवेशासारखा पोशाख, दोन ट्रिपल ॲक्सल, चूक शोधून सापडणार नाही असं स्केटिंग. (हा प्रोग्रॅम सॅन्ड्रा बेझिकने बसवला होता, म्हणजे एका कॅनेडियननेच.) नंतर ऑर्सर आला. संगीत शोस्ताकोविचच्या ‘बोल्ट’ या बॅलेतलं, लाल पोशाख, देखणी सुरुवात. ट्रिपल फ्लिप या तीन फेऱ्यांच्या उडीवरून उतरताना तो जरासा डगमगला. शेवटाकडे दुसरी ट्रिपल ॲक्सल ठरलेली होती, तिथे त्याने डबल मारली.

नऊ पंचांपैकी पाच बोइतानोकडे गेले, चार ऑर्सरकडे. अंतिम बेरीज बोइतानो ३.०, ऑर्सर ४.२. एकाच पंचाचं मत फिरलं असतं तर ऑर्सर ३.२ आणि बोइतानो ४.० असा निकाल लागला असता. हातातोंडाशी आलेला घास गेला, असं म्हणतात ते यालाच. मी ही लढत कितीदा पाहिली याचा हिशोब नाही. माझं मत विचाराल तर निकाल बरोबरच होता. बोइतानोने त्या दिवशी काहीही सोडलं नाही, ऑर्सरने एक उडी सोडली. पण ती डबल ॲक्सल आली की माझ्या पोटात आजही कालवतं.

त्यानंतर त्याने काय केलं?

त्याच वर्षी बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत पुन्हा बोइतानोमागे रौप्य मिळवून त्याने स्पर्धा थांबवल्या. मग व्यावसायिक शो सुरू झाले. ‘स्टार्स ऑन आइस’ या फिरत्या शोबरोबर त्याने वर्षानुवर्षं दौरे केले. १९९० च्या ‘कार्मेन ऑन आइस’ या टीव्ही चित्रपटासाठी त्याला एमी पुरस्कार मिळाला, आणि त्यात त्याच्यासोबत पूर्व जर्मनीची स्केटर कातारिना विट आणि तोच बोइतानो होता. दोघांची मैत्री आजही आहे. ज्याच्यामुळे आयुष्यातलं सगळ्यात मोठं पदक हुकलं त्याच्याबरोबर काम करायचं, हे सगळ्यांना जमत नाही.

त्याच्या खासगी आयुष्याबद्दल १९९८ साली काय गाजलं?

एका माजी जोडीदाराने न्यायालयात केलेल्या दाव्यातून तो समलिंगी असल्याचं जाहीर झालं. कागदपत्रं गुप्त ठेवावीत ही त्याची विनंती न्यायालयाने मानली नाही. आपलं काम बंद पडेल अशी भीती त्याला होती. प्रत्यक्षात स्केटिंगमधली माणसं त्याच्यामागे उभी राहिली आणि काम चालू राहिलं. तरीही कधी बोलायचं आणि कुणाशी बोलायचं हे ठरवायचा हक्क त्याचा होता, आणि तो त्याला मिळाला नाही, याचं वाईट वाटतं.

तो प्रशिक्षक कसा झाला?

ठरवून नव्हे. २००६ मध्ये तो आणि ट्रेसी विल्सन टोरोंटो क्रिकेट, स्केटिंग अँड कर्लिंग क्लबमध्ये स्केटिंगची जबाबदारी घेऊन रुजू झाले. (नावातलं क्रिकेट खरोखरचं आहे, या क्लबात क्रिकेटही खेळलं जातं.) विल्सन आइस डान्सची, म्हणजे बर्फावरच्या जोडीनृत्याची, खेळाडू. १९८८ मध्ये रॉब मॅकॉलबरोबर तिने कॅलगरीत कांस्य जिंकलं होतं आणि आइस डान्समधलं ते कॅनडाचं पहिलं ऑलिम्पिक पदक. ऑर्सरबद्दल बोलताना लोक तिला विसरतात. तसं करू नये. या रिंकवर जे घडलं त्यात तिचा वाटा निम्मा आहे.

त्याच उन्हाळ्यात सोळाव्या वर्षाला टेकलेली एक कोरियन मुलगी नृत्यदिग्दर्शक डेव्हिड विल्सनकडे प्रोग्रॅम बसवून घ्यायला टोरोंटोला आली. ती युना किम. ऑर्सर तेव्हा अजून शो करत होता आणि पूर्णवेळ शिकवायचं त्याच्या मनात नव्हतं. २००७ मध्ये दौरे सोडून तो तिचा पूर्णवेळ प्रशिक्षक झाला.

युना किमच्या यशात त्याचा हात किती?

किम आली तेव्हाच तिच्या उड्या जगात अव्वल होत्या. २००६ ची ज्युनियर जगज्जेती होती ती. त्यामुळे ‘ऑर्सरने तिला उडी शिकवली’ असं म्हणणं चूक ठरेल. मला त्याचा हात दिसतो तो वेगळ्या ठिकाणी. २००९ मध्ये लॉस एंजेलिसला ती २०७.७१ गुणांनी जगज्जेती झाली. दोनशेचा आकडा ओलांडणारी पहिली स्त्री. मग आलं २०१० चं व्हँकुव्हर. प्रतिस्पर्धी होती जपानची माओ असादा, आणि असादाकडे होती ट्रिपल ॲक्सल. किमकडे ती नव्हती.

इथे क्षणभर थांबा. किमचा प्रशिक्षक कोण? स्वतः मिस्टर ट्रिपल ॲक्सल. त्याला मोह झाला नसेल का, की हिलाही ती उडी शिकवू, तोडीस तोड उत्तर देऊ? पण किमच्या प्रोग्रॅममध्ये ॲक्सल डबलच राहिली. जे तिचं स्वतःचं होतं त्यावर भर दिला गेला: वेगात येऊन मारलेली ट्रिपल लट्झ आणि तिला जोडलेली ट्रिपल टो लूप. उंच, लांब, आणि उतरल्यावरही वेग तसाच. असादाने व्हँकुव्हरमध्ये एकूण तीन ट्रिपल ॲक्सल साधल्या, हा त्या खेळातला खरा पराक्रम आहे आणि त्याचं मोल कमी करायचं कारण नाही. पण किमचे गुण झाले २२८.५६ आणि असादाचे २०५.५०. जी उडी आपली ओळख आहे तीच बाजूला ठेवायची, कारण या मुलीला तिची गरज नाही. याला मी खरं शिकवणं म्हणतो.

आणखी एक. आख्ख्या देशाची आशा एकट्या खेळाडूवर असते तेव्हा काय होतं, हे ऑर्सरला कुणी सांगायची गरज नव्हती. कॅलगरीत तो स्वतः त्यातून गेला होता.

मग दोघं वेगळी का झाली?

ऑगस्ट २०१० मध्ये हे जाहीर झालं. दोन्ही बाजूंनी वेगवेगळी निवेदनं आली आणि मनं दुखावली गेली. त्यात बाहेरच्याने न्यायनिवाडा करू नये.

टोरोंटोच्या या रिंकवर नेमकं काय शिकवतात?

तिथलं सगळ्यात प्रसिद्ध शिक्षण म्हणजे ट्रेसी विल्सनचे स्ट्रोकिंगचे वर्ग. सगळे विद्यार्थी एकत्र रिंकभर फिरतात. जगज्जेता असो की शाळकरी मूल, वर्ग एकच. उडी नाही, गिरकी नाही. फक्त कडा, गुडघा आणि वेग.

स्केटच्या ब्लेडला तळाशी मधोमध खाच असते, त्यामुळे तिला दोन कडा असतात, आतली आणि बाहेरची. नवखा स्केटर पायाने बर्फ ढकलतो. मुरलेला स्केटर गुडघा वाकवतो, अंग कडेवर झोकतो, आणि कड त्याला वळणात ओढून नेते. कान देऊन ऐकलं तरी फरक कळतो. कच्च्या स्केटिंगमध्ये खरखर येते, पक्क्यात एक खोल, सलग आवाज. युझुरु हान्यू तिथे आला तेव्हा त्यालाही हे सगळं पुन्हा पायापासून करावं लागलं.

उड्यांसाठी हे का महत्त्वाचं? कारण उडी कडेवरून सुटते. कड डळमळली तर उडीचा अक्ष तिरका होतो. कड पक्की असेल तर वेग न मोडता वर जाता येतं. शिवाय २००४ नंतरच्या गुणपद्धतीत प्रत्येक उडीला दर्जाचे वेगळे गुण मिळतात आणि स्केटिंगच्या कौशल्यालाही स्वतंत्र गुण आहेत. म्हणजे ही मेहनत दोनदा वसूल होते.

दुसरी गोष्ट म्हणजे इथे एकखांबी तंबू नाही. विल्सनकडे स्केटिंग, उड्यांसाठी घिस्लेन ब्रियां, प्रोग्रॅमसाठी डेव्हिड विल्सन किंवा २००८ चा जगज्जेता जेफ्री बटल. ऑर्सर या सगळ्यांची मोट बांधतो.

हान्यू आणि फर्नांडेझ एकमेकांचे प्रतिस्पर्धी असून एकाच प्रशिक्षकाकडे कसे?

फर्नांडेझ २०११ मध्ये आला, हान्यू २०१२ मध्ये. हान्यू सेंदाईचा. ११ मार्च २०११ च्या भूकंपाच्या वेळी तो बर्फावरच होता आणि स्केट घातलेल्या पायांनीच बाहेर पळाला होता. टोरोंटो निवडताना फर्नांडेझच्या क्वाड, म्हणजे चार फेऱ्यांच्या, उड्या रोज शेजारी पाहायला मिळतील हाही त्याचा विचार होता. म्हणजे प्रतिस्पर्धी आहे म्हणून टाळायचं नाही, तो आहे म्हणूनच तिथे जायचं.

सोचीत, २०१४ मध्ये, हान्यूने शॉर्ट प्रोग्रॅममध्ये १०१.४५ गुण मिळवले. शंभरी ओलांडणारा तो पहिलाच. फ्री स्केटमध्ये दोनदा पडूनही सुवर्ण त्याचंच राहिलं. फर्नांडेझ चौथा आला, कांस्यापासून अवघ्या १.१८ गुणांनी दूर. त्याची शेवटची उडी, ट्रिपल साल्काऊ, नियमाबाहेर गेली आणि तिचे शून्य गुण धरले गेले. एकाच संध्याकाळी प्रशिक्षकाला एका शिष्याला मिठी मारायची होती आणि दुसऱ्याला सावरायचं होतं.

पुढे पारडं फिरलं. २०१५ मध्ये शांघायला फर्नांडेझ जगज्जेता झाला, हान्यू दुसरा. २०१६ ला बॉस्टनमध्ये हान्यू शॉर्टनंतर बारा गुणांनी पुढे होता, तरी फर्नांडेझने २१६.४१ ची फ्री स्केट करून पुन्हा बाजी मारली. त्याच्या आदल्या हिवाळ्यात हान्यूने ३२२.४० आणि मग ३३०.४३ गुण मिळवून तीनशेची भिंत पाडली होती. युरोपीय स्पर्धा फर्नांडेझने २०१३ ते २०१९ सलग सात वेळा जिंकली.

आणि मग २०१८, प्योंगचांग. आदल्या नोव्हेंबरमध्ये सरावात हान्यूचा उजवा घोटा दुखावला होता. मधल्या काळात त्याने एकही स्पर्धा खेळली नाही, थेट ऑलिम्पिकलाच उतरला. ३१७.८५ गुण आणि सुवर्ण. १९४८ व १९५२ च्या डिक बटननंतर पुरुष एकेरीत सुवर्ण राखणारा पहिलाच, तब्बल ६६ वर्षांनी. फर्नांडेझला कांस्य. फिगर स्केटिंगमधलं स्पेनचं ते पहिलं ऑलिम्पिक पदक.

दोन देशांचे शिष्य असले की जॅकेट कुठलं घालतो?

ज्याची पाळी त्याचं. मध्येच बदलून येतो.

शिष्य स्केटिंग करत असताना तो कठड्याशी उड्या का मारतो?

त्याला राहवत नाही म्हणून! व्हँकुव्हरच्या चित्रफितीत किमच्या प्रत्येक उडीबरोबर तो जमिनीवरून उचलला जाताना दिसतो. स्वतः ती उडी हजारदा मारलेल्या माणसाचं अंगच ते करतं, असं मला वाटतं.

आणखी कोण कोण त्याच्याकडे शिकलं?

नाम न्गुयेन २०१४ चा ज्युनियर जगज्जेता झाला. रशियाची येव्हगेनिया मेदवेदेवा २०१८ मध्ये आली आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेत तिने कांस्य मिळवलं. जुन्या सवयी मोडून नव्याने शिकणं किती अवघड असतं ते तिच्या त्या मोसमात दिसलं, म्हणून ते कांस्य मला तिच्या कित्येक सुवर्णांपेक्षा जवळचं वाटतं. अमेरिकेचा जेसन ब्राउन आणि दक्षिण कोरियाचा चा जुन-ह्वान हेही तिथलेच. २०२२ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये चा पाचवा आला, ब्राउन सहावा.

हान्यूच्या क्वाड ॲक्सलशी ऑर्सरचा काही संबंध?

महासाथीच्या काळात हान्यू जपानमध्ये बहुतांशी एकट्यानेच सराव करत होता, त्यामुळे त्या उडीचं श्रेय आणि त्यातली जोखीम दोन्ही त्याचीच. बीजिंगमध्ये त्याने साडेचार फेऱ्यांची ही उडी घेतली. फेरा थोडा कमी पडला, तो पडलाही, पण स्पर्धेच्या निकालपत्रावर क्वाड ॲक्सल म्हणून नोंद झालेली ती पहिली उडी. सप्टेंबर २०२२ मध्ये लेक प्लॅसिडला अमेरिकेच्या इल्या मालिनिनने ती पूर्ण करून दाखवली.

नव्या प्रेक्षकाने सुरुवात कुठून करावी?

तीन चित्रफिती, याच क्रमाने. आधी कॅलगरी १९८८, ऑर्सरची फ्री स्केट. मग व्हँकुव्हर २०१०, किमची फ्री स्केट, गर्शविनच्या कॉन्चेर्तोवर. शेवटी प्योंगचांग २०१८, हान्यूचा शॉर्ट प्रोग्रॅम, शोपँच्या पहिल्या बॅलाडवर. त्यातली ट्रिपल ॲक्सल नीट पाहा. उडीआधी तयारीसाठी थांबणं नाही, पावलं टाकता टाकताच तो समोर तोंड करून वर जातो, आणि उतरल्या क्षणी पियानोच्या सुरावर पुढच्या पावलाला लागतो. पाहून झालं की चित्रफीत मागे घेऊन पुन्हा लावा, आणि या वेळी डोळे मिटून फक्त ब्लेडचा आवाज ऐका.